चाळीस मीटरमधलं एक नाव

मी शब्द निवडून देते. कार्डावर 'पद्मजा मगदूम, कीवर्ड सल्लागार' असं छापलंय, पण सांगलीच्या बाजारात मला सगळे शब्दवाल्या वहिनी म्हणतात आणि मला त्याचा राग येत नाही. ज्याचं दुकान चालत नाही तो माझ्याकडे येतो. जाहिरात हल्ली कोणीही बनवतं, यंत्रं तर चुटकीसरशी बनवतात. ती कुठल्या शब्दाला बांधायची, हे ज्याला कळतं त्याचं दुकान चालतं. गिऱ्हाईकाच्या मनात तो शब्द आला की जाहिरात त्याच्या फोनवर जाते, आणि त्याने तिच्यावर क्लिक केलं तरच दुकानदाराचे पैसे कापले जातात. म्हणून शब्द असा हवा की भलत्या माणसाचं बोट तिकडे वळताच कामा नये.

नवशिके साडीच्या दुकानाला 'साडी' हा शब्द घेऊन देतात. अहो, ज्या बाईच्या मनात 'साडी' येते तिला निम्म्या वेळा फॉल लावून घ्यायचा असतो, नाहीतर डाग काढायचा असतो. मी कोथळ्यांच्या दुकानाला अख्खा तुकडाच घेऊन दिला, 'जाऊबाईंनी नेसली होती तशी'. दसऱ्याच्या आत कोथळ्यांना दोनदा माल मागवावा लागला. शिकवणीवाल्या सरांना मी 'तिचाच मुलगा कसा पुढे' दिला, स्वयंपाकघरं बनवणाऱ्याला 'त्यांच्याकडे आलंसुद्धा'. धंद्यात यांना जळाऊ शब्द म्हणतात, आणि जळाऊ शब्दांत माझा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही. कारण सरळ आहे, मी स्वतः जळकी आहे. लहानपणी धाकट्या बहिणीचे केस माझ्यापेक्षा लांब झाले तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी तिला कात्री सुचवली होती.

आता हे मनातले शब्द मला कळतात कसे, तर मण्यामुळे. हे वाचणाऱ्याच्या कानामागे तो असेलच, तरी तो चालतो कसा असं विचारलं तर दहांतले नऊ जण डोकं खाजवतील. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू जिभेला, जबड्याला आणि घशाला हुकूम पाठवतच असतो. फक्त तो इतका हलका असतो की ओठ हलत नाहीत. त्या हुकमाची बारीकशी वीज कातडीवर मोजता येते. तंबाखूने ज्यांचा घसा गेला आणि शस्त्रक्रियेत आवाज गेला, त्यांना पुन्हा बोलतं करावं म्हणून ही खटपट सुरू झाली होती. आधी चेहऱ्याला डझनभर तारा चिकटवाव्या लागत. पुढे कानामागच्या हाडापाशी एकच संवेदक बसवायचा आणि उरलेलं गणिताने भरून काढायचं, असं जमलं. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी बाजारात आला आणि आवाज गेलेली माणसं घरच्यांना नावाने हाक मारू लागली.

इथेच हे थांबलं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. पण ज्यांचे घसे धडधाकट होते त्यांनाही टाइप करायचा कंटाळा होताच. कंपनीने मणी फुकट वाटला आणि त्या बदल्यात मनात घोळणारे शब्द जाहिरातदारांना विकायला काढले. करारात हे सगळं लिहिलेलं असतं. करार कोणी वाचत नाही.

मण्याला चित्रं दिसत नाहीत. तुम्ही आंबा नुसता डोळ्यांपुढे आणलात तर त्याला पत्ता लागत नाही. 'आंबा' हा शब्द जिभेपर्यंत आला तरच तो टिपतो. शब्द कोणाच्या मनात आला हेही तो सांगत नाही, कायद्याने तशी बंदी आहे. अमुक भागात आज अमुक वेळा आला, एवढा आकडा माझ्या पडद्यावर दिसतो. लहान दुकानदारांच्या सोयीसाठी हा भाग चाळीस मीटरच्या वर्तुळाइतका छोटा करता येतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर गणपती पेठ असणार, तिथे चाळीस मीटरमध्ये शंभर माणसं सहज सापडतात. विश्रामबागेच्या मागे, ओढ्याकाठी, आमच्या घराभोवती किती सापडतात हे बघायला त्यांच्यातलं कोणी आलं नव्हतं.

माझा नवरा सुकुमार माती आणि द्राक्षाचे देठ तपासतो. बागायतदार पानांचे देठ पिशवीत घालून आणतात. हा ते धुतो, वाळवतो, दळतो आणि वेलीला पालाश किती कमी पडतंय ते सांगतो. मापात आलेल्या गोष्टीवर त्याचा देवाइतका विश्वास. शेतकरी म्हणाला की, साहेब, वेल तर हिरवागार दिसतोय, तर हा म्हणतो, दिसू दे, आकडा काय म्हणतोय बघा. सोळा वर्षांत त्याने मला जळायला एकही कारण दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीही थोडी चीड यायची.

मार्चमध्ये त्याच्या प्रयोगशाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. पाहुण्या म्हणून धारवाडहून डॉक्टर संज्योत कित्तूरकर आल्या. मातीतल्या तज्ज्ञ. पोपटी इरकल, निम्मे पिकलेले केस न रंगवता तसेच ठेवलेले, आणि चालणं असं की हॉल आपल्याच मालकीचा आहे. भाषण संपवून व्यासपीठावरून उतरता उतरता तिने माझ्या नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला.

"काय सुक्या! अजून मातीच चाळतोयस?"

सुक्या! सोळा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. आणि आमचे गंभीर महाशय असे हसले की मागची दाढ दिसली. त्या दाढेत चांदी भरलेली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी शेजारी उभी राहून गोड हसत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

सासूबाई कार्यक्रमासाठी समडोळीहून आल्या होत्या. परतताना गाडीत मागे बसून त्यांनी मला सहज सांगितलं, "हीच ती संज्योत. कालेजात बरोबर होती याच्या. हिच्याबद्दल विचारलं होतं की यानं घरात."

"काय विचारलं होतं?"

"करू का म्हणून. आमच्यातली न्हवती, मग ह्यांनी नको म्हटलं. यानं बरं म्हटलं. पुढच्या साली तुझं स्थळ आलं."

"अहो," मी सुकुमारला म्हणाले. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, एरवी अरे. "हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगण्यासारखं काय होतं?" तो म्हणाला. समोर उसाची ट्रॉली होती आणि त्याचं लक्ष तिच्या पुढे जायच्या फटीकडे होतं.

सासऱ्यांनी नाही म्हटल्यावर त्याने आकांत केला असता, घर सोडून गेला असता, तर मला बरं वाटलं असतं. संपली ती गोष्ट, असं म्हणता आलं असतं. 'बरं' म्हणून गप्प बसलेल्या माणसाच्या पोटात काय उरलं असेल ते कोणाला ठाऊक? पण मला ठाऊक करून घेता येणार होतं. जिल्ह्यातल्या कुठल्याही बायकोला जमलं नसतं ते मला जमणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले.

ऑफिसच्या खात्यावर मुली काम करतात, त्यांच्या नजरेस पडलं असतं. म्हणून मी घरून, स्वतःच्या नावाने नवं खातं उघडलं. शब्द एकच, 'संज्योत'. वर्तुळ आमच्या घराभोवती. उजवीकडे रिकामा प्लॉट, मागे ओढा, डावीकडे आपटे आजी-आजोबा. आपट्यांनी मणी लावायला ठाम नकार दिलेला, देवाने दिलेले कान त्यांना पुरेसे होते. म्हणजे वर्तुळात मणी दोनच. त्यातला एक माझा, उरलेला सुकुमारचा. शब्दाला कुठलीतरी जाहिरात बांधल्याशिवाय आकडा दिसत नाही, म्हणून मी मिरजेच्या बिरनाळ्यांच्या नर्सरीची गुलाबाच्या रोपांची जाहिरात बांधून टाकली. ते माझं जुनं गिऱ्हाईक. दोन रोपं जास्त खपली तर त्यांचंही भलं होईल, असा विचार केला.

पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी चौदा.

रविवारी सुकुमार दिवसभर घरी होता आणि आकडा दुपारीच अठरावर गेला होता. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. साडेपाचला मी त्याला वाढलं आणि समोर बसले. तो आमटीत भाकरी कुस्करत होता. मी त्याच्या कपाळाकडे बघत होते, ते नेहमीसारखंच स्वच्छ, कोरं होतं. माझ्या मांडीवरच्या फोनमध्ये अठराचे एकोणीस झाले आणि तो म्हणाला, "आमटी छान झालीय."

एवढा पोचलेला माणूस मी जन्मात बघितला नव्हता.

मग मी त्याला टोचायला सुरुवात केली. सोमवारी म्हणाले, "पोपटी रंग शोभत होता, नाही?"

"कुणाला?"

"तुझ्या डॉक्टरीणबाईंना."

"मी साडी बघितलीच नाही गं."

"तिने मात्र तुझ्यावरची नजर हलवली नाही."

मंगळवारी मी केसांवर घसरले. केस न रंगवण्याची हिंमत असलेली बाई वेगळीच, पुरुषांना ते फार आवडतं, असं मी भाजी निवडता निवडता म्हणाले. बुधवारी हसण्यावर. "सुक्या म्हटल्यावर कसा खुललास! माझ्याबरोबर कधी असं हसलायस?" तो आठवायचा प्रयत्न करायचा, काही सापडायचं नाही, मग माझ्याकडे काळजीने बघायचा. त्या काळजीने मी आणखी भडकायचे. गुरुवारी तो दौऱ्याच्या तयारीसाठी घरीच होता, आकडा चव्वेचाळीसवर गेला आणि माझा बांध फुटला.

"चव्वेचाळीस!" मी म्हणाले. तो ओढ्याकाठी फेरी मारून आला होता आणि बूट काढत होता. "एका दिवसात चव्वेचाळीस वेळा तिचं नाव घेतलंस तू मनात!"

"कुणाचं?"

"संज्योतचं. उगाच भोळेपणा करू नकोस."

हा आता चिडेल, हेरगिरी करतेस म्हणून ओरडेल, असं मला वाटलं होतं. मी त्याचीही तयारी ठेवली होती. पण तो एक बूट हातात धरून खुर्चीवर बसला.

"कुणी मोजलं?"

"मी मोजलं. माझं कामच आहे ते."

"नक्की? चव्वेचाळीस?"

"माझ्या मापात चूक निघालीय का कधी?"

"नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "मला जाणवलं नाही, पद्मा. पण इतका आकडा येतोय, म्हणजे..."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो विजापूरकडच्या बागांमधून नमुने घ्यायला तीन दिवसांसाठी गेला. विजापूरहून धारवाड किती लांब आहे, हे मी नकाशावर तीनदा बघितलं.

आता घरात मी एकटी. आकडा शून्य येणार, आणि तो शून्य मी जपून ठेवणार होते, परत आल्यावर त्याच्या नाकासमोर धरायला. तू असलास की चव्वेचाळीस, नसलास की शून्य, आता बोल, असं म्हणायचं मी ठरवलं होतं. अकरा वाजता चहा घेऊन पडद्यासमोर बसले.

सव्वीस.

माझा पहिला संशय आपट्यांवर गेला. वाटीभर चिवडा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. आजोबांना वाकून नमस्कार केला आणि उठता उठता त्यांचे दोन्ही कान मागून बघितले. आजींना म्हटलं, तुमच्या अंबाड्याची पिन निघालीय, आणि त्यांचेही बघितले. काही नाही. आजी म्हणाल्या, "अगं, तुझा चेहरा असा का? बरं नाही का तुला?" मी म्हटलं, ऊन लागलं. घरी आले तर सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, माझ्या डोळ्यांदेखत.

मी पायरीवर बसले, फोन समोर धरला, आणि मुद्दाम, सावकाश मनात म्हटलं, संज्योत.

तीस.

पुन्हा म्हटलं. एकतीस.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिल्या दिवशी हेच सांगते की मोहीम सुरू करण्याआधी स्वतःचा मणी वगळायचा. कारण जो शब्द विकत घेतो त्याच्याच मनात तो सर्वांत जास्त घोळतो, आणि तुमचाच आकडा तुम्हाला गिऱ्हाईकाचा वाटतो. ऑफिसच्या खात्यात आमचे सगळे मणी आपोआप वगळले जातात, मी स्वतःच बसवलेली सोय आहे ती. घरच्या नव्या खात्यात ती यादी कोरी होती. माझ्या फोनवर गुलाबाच्या जाहिराती दिसल्या असत्या तरी ट्यूब पेटली असती, पण जाहिरातींची पट्टी मी कित्येक वर्षांपूर्वीच बंद करून ठेवलीय. दिवसभर तेच करायचं आणि वर घरीही तेच बघायचं, कोण बघेल? कंपनी मात्र पाठवलेली प्रत्येक जाहिरात दिसली म्हणून मोजते.

चव्वेचाळीस वेळा मीच तिचं नाव घेतलं होतं. भाकरी थापताना, आंघोळ करताना, त्याच्या कपाळाकडे बघताना.

मी माझा मणी वगळला. आकडा शून्यावर आला आणि तीन दिवस तिथेच राहिला. ते काही सिद्ध करत नव्हतं, कारण तो घरात नव्हता. चौथ्या दिवशी तो आला, उन्हाने काळवंडलेला, पिशव्यांवर शेतकऱ्यांची नावं लिहीत बसला. शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. मला एवढा आनंद झाला की मी खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, केली, वर तूप ओतलं, आणि त्याने तिसऱ्यांदा वाढून घेतली तेव्हा मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. माझा नवरा माझाच होता. त्याच्या मनात ती बाई नखाएवढीही नव्हती.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की अरे, तो आकडा माझा होता. एवढं एक वाक्य. जीभ उचलेना. चव्वेचाळीस वेळा मीच जळत होते हे कबूल करायचं, वर माझ्या मापात चूक निघाली हेही कबूल करायचं, तेही मापं घेणाऱ्या माणसासमोर! उद्या सांगू असं म्हटलं. उद्या त्याचा मूड चांगला होता, तो कशाला बिघडवा असं म्हटलं. परवा पाहुणे आले. तोही त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही, तेव्हा मी समजूत करून घेतली की तो विसरला.

तो परतल्यापासून नवव्या दिवशी सकाळी पडद्यावर एक होता.

मी यादी तपासली. माझा मणी वगळलेलाच होता. दहाव्या दिवशी तीन. अकराव्या दिवशी दोन, तेव्हा हायसं वाटलं. बाराव्या दिवशी सहा. तो मागच्या अंगणात कुंड्यांतली माती उकरत होता, आणि मी खिडकीतून बघत होते. या वेळी नाव माझ्या मनात नव्हतं असं नाही. पण मोजलं जात होतं ते त्याचं.

तेराव्या दिवशी दुपारी बिरनाळ्यांचा फोन आला.

"वहिनी, नमस्कार. बिरनाळे बोलतोय, नर्सरीतनं. आमच्या साहेबांची ऑर्डर आलीय बघा, जाहिरातीवरनं. मला लई बरं वाटलं. घरचा माणूस, सरळ फोन करायचा की."

"कुठले साहेब?"

"सुकुमारसाहेब हो! शेंदरी गुलाबाचं एक रोप, कुंडीसकट. पण पत्ता धारवाडचा पडलाय हितं. म्हटलं, चुकून पडला का काय, वहिनींना विचारून घ्यावं. चार वाजता हुबळीची गाडी सुटतीय, तिच्यातनं टाकतो नाहीतर."

"चिठ्ठी आहे का बरोबर?"

"आहे की. 'त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. पुन्हा भेटू.' एवढंच. नाव कित्तूरकर का कायसं आहे. ऑफिसचं काम असंल."

"विचारून सांगते," मी म्हणाले.

सुकुमार तीन वाजता अर्धी सुटी टाकून घरी आला, मीच बोलावलं होतं. तो येईपर्यंत मी भांडण पूर्ण पाठ केलं होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. पण तो दारात उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा नव्हता. तो थकलेला दिसत होता.

"गुलाब पाठवलास तिला," मी म्हणाले.

"हो." त्याने एकदाही का-कू केलं नाही. "दोन दिवस विचार करत होतो. तिचं नाव मनात आलं की फोनवर तेच रोप यायचं. शेवटी दाबलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली." तो खुर्चीवर बसला. "पद्मा, तू आकडा सांगितलास ना, तो मी विजापूरला तीन दिवस डोक्यात घेऊन फिरत होतो. तिचं नाव नाही, नुसता आकडा. देठ तोडायचो आणि शोधायचो. चव्वेचाळीस म्हणजे आत काहीतरी असणारच. मला काहीच सापडेना. वाटलं, मीच नीट बघत नाहीये. मग इथे आल्यावर तू सांगितलेलं एकेक घेऊन बसलो. ती साडी. ते केस. मी कसा हसलो ते. तुझ्या तोंडून ऐकलं होतं म्हणून मला दिसायला लागलं. मग हॉस्टेलच्या मेसमधली ती आठवली, माझ्या ताटातलं लोणचं उचलणारी. मग बाबांना मी 'बरं' म्हटलं होतं, ते आठवलं. तोवर ते मला कधी खुपलं नव्हतं."

गिऱ्हाईकाच्या मनात नसलेली वस्तू कशी आणायची हे मी क्लासमध्ये शिकवते. एक रंग सांगायचा, एक माणूस दाखवायचा, आणि दुसऱ्यांनी ते आधीच ओळखलंय असं भासवायचं. मी आयुष्यात केलेली सर्वांत चांगली जाहिरात संज्योत कित्तूरकरची होती, आणि ती मी माझ्याच नवऱ्याला चार दिवस रोज ऐकवली होती.

"तो आकडा माझा होता," मी म्हणाले. "माझा मणी वगळायचा राहिला होता. तू विजापूरला असतानाच मला कळलं."

"मग माझा किती होता?"

"शून्य."

"शून्य," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षण इतका आनंद दिसला की मला रडू आलं. मग तो आनंद गेला. "मी आल्यावर का सांगितलं नाहीस?"

"लाज वाटली."

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी शोधायचं थांबवलं असतं, पद्मा."

"आणि आता?"

तो हाताच्या तळव्याकडे बघत राहिला. नखांत लाल माती होती. "आता सापडलंय," तो म्हणाला.

फोन वाजला. बिरनाळेच होते, गाडी सुटायला आली होती. मी फोन सुकुमारच्या हातात दिला. पत्ता बरोबर की चूक, ते त्याने सांगायचं होतं. तो खिडकीपाशी गेला. पलीकडून बिरनाळे हॅलो, हॅलो करत होते, मला इथवर ऐकू येत होतं. तो किती वेळ उभा राहिला ते मी मोजलं नाही, आणि मी न मोजलेली ती त्या महिन्यातली एकमेव गोष्ट असेल.

"ऑर्डर रद्द करा," तो शेवटी म्हणाला. "नाही, नाही, रोप चांगलंच असणार तुमचं. माझीच चूक झाली."

फोन परत देताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, सोळा वर्षांत दोन-तीनदाच ठेवला असेल तसा. माझं माणूस माझ्याकडे राहिलं होतं. दिवस मावळायला वेळ होता, तरी मी स्वयंपाकाला लागले. त्याला आवडते तशी वांग्याची भाजी केली, भाकरी गरम वाढली. तो जेवला. मीही जेवले. दोघंही जपून, भाजीबद्दल आणि आपट्यांच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोललो.

"ते मोजायचं बंद केलंस ना?" त्याने ताटावरून उठता उठता विचारलं.

"केलं," मी म्हणाले.

तो हात धुवायला आत गेला आणि मी फोन उघडला. सकाळपासूनचा आकडा सहा होता. जेवणाच्या वेळात त्याचे आठ झाले होते.